गाडीतला फ्रीज

आमच्या घरात दोन फ्रीज आहेत असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या चपलांकडे. अनुदानित शाळेतल्या मास्तरकडे दोन फ्रीज कसे, असा हिशेब त्याच्या डोळ्यांत दिसतो. एक फ्रीज स्वयंपाकघरात आहे, सगळ्यांच्या घरी असतो तसाच. दुसरा प्रवासाच्या बॅगेएवढा आहे. 18 लिटरचा. तो बाराही महिने पलंगाखाली असतो आणि मे-जूनमध्ये गाडीच्या डिक्कीत. लोक अशा वस्तू सहलीला, तंबू ठोकून राहायला नेतात. आम्ही कधी सहलीला गेलो नाही. आमचा प्रवास म्हणजे जालना ते दापोली आणि दापोली ते जालना.

मी मूळचा जालन्याचा. बी.एड. झाल्यावर नोकरी मिळाली ती दापोली तालुक्यात, खाडीकाठच्या एका गावातल्या उर्दू हायस्कूलमध्ये. तिथे विज्ञान आणि गणित शिकवतो. मराठवाड्यातली माझ्यासारखी किती तरी पोरं कोकणातल्या उर्दू शाळांमध्ये आहेत. शाळेत उर्दू, घरी दखनी, बाजारात मराठी, आणि शेजारणी आपसात बोलतात ती कोकणी बायकोला अजून निम्मी कळत नाही. अब्बांचा इंतकाल 2011 मध्ये झाला. अम्मी जालन्यात भाईजानकडे राहते आणि उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने माझ्याकडे येते. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वी एसटीने यायची, गाड्या बदलत. 2019 मध्ये मी एक जुनी गाडी घेतली, तेव्हापासून मी आणायला जातो.

अम्मीला 2014 पासून इन्सुलिन चालू आहे. सकाळी 22 युनिट, रात्री 14. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या बाटलीत 10 मिलिलिटर असतं, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट, म्हणजे बाटलीत 400. दिवसाला 36 गेले तर बाटली अकरा दिवस पुरते. दोन महिन्यांना सहा बाटल्या. हे गणित मी आठवीच्या मुलांना फळ्यावर घातलेलं आहे, अम्मीचं नाव न घेता. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची. वापरात असलेली बाटली घरातल्या साध्या तापमानालाही साधारण चार आठवडे चालते, फार उकाडा नसेल तर.

आता जालन्याचा मे महिना म्हणजे बेचाळीस अंश, आणि भाईजानच्या घरी फ्रीज आला तो बराच उशिरा. मधली चार-पाच वर्षं अम्मीचं इन्सुलिन कुठे होतं? मोरीजवळच्या कोनाड्यात. एका पसरट कुंड्यात ओली वाळू, वाळूत छोटी मटकी, मटकीत स्टीलची डबी, डबीत बाटली, वर ओलं फडकं. सकाळ-संध्याकाळ वाळूवर तांब्याभर पाणी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या माहेरी दही असंच ठेवायचे. उर्दूच्या पुस्तकात आम्ही ज्याला तबखीर म्हणतो, मराठीत बाष्पीभवन, त्याची हीच तर करामत. पाणी उडून जाताना आपली उष्णता बरोबर घेऊन जातं. जालन्याची हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि मटकी थंड राहते. केनियातल्या दागाहाले नावाच्या निर्वासितांच्या छावणीत काही डॉक्टरांनी नोंदी घेतल्या. तिथल्या घरांत तापमान रात्री 25 आणि दिवसा 37 अंशांपर्यंत जायचं. तसंच खालीवर होणारं तापमान प्रयोगशाळेत ठेवून पाहिलं, तर चार आठवड्यांनंतरही इन्सुलिन कामाचं राहिलं होतं. हा अभ्यास 2021 मध्ये छापून आला. तो मी वाचला तेव्हा अम्मीची मटकी डोळ्यांपुढे आली. पण हे सगळं मी फार उशिरा वाचलं. आधी वाचलं असतं तर 2023 चा मे महिना वेगळा गेला असता.

त्या वर्षी मी अम्मीला आणायला गेलो तेव्हा सहा बाटल्या बरोबर घ्यायच्या होत्या. बर्फ घ्यावा, मोठ्या थर्मासमध्ये भरावा आणि त्यात बाटल्या, एवढंच ठरलं होतं. सरबतवाल्याकडून बर्फ आणला, कुटला. पुढचे बारा-तेरा तास तो टिकायला हवा म्हणून मी काय केलं, तर त्यात दोन मुठी खडा मीठ टाकलं. विज्ञानाचा मास्तर ना! बर्फात मीठ मिसळलं की मिश्रण शून्याच्या खूप खाली जातं, वीस अंशांपर्यंतसुद्धा जाऊ शकतं. दरवर्षी वर्गात सांगतो, कुल्फीवाल्याचं उदाहरण देतो, मुलांच्या तोंडाला पाणी सुटतं. बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी थेट त्या बर्फात खुपसल्या. अम्मी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "इत्ता ठंडा कायको रे?" मी म्हटलं, "अम्मी, तुमको नै समझता."

वापरातली बाटली तिच्या पर्समध्ये होती, रुमालात. तिला काही झालं नाही. दापोलीला पोहोचलो तेव्हा थर्मासमधल्या बर्फाचं खारं पाणी झालं होतं. बाटल्या पुसून फ्रीजच्या दारात ठेवल्या. दिसायला अगदी ठीक होत्या.

पहिला आठवडा चांगला गेला. मग पर्समधली बाटली संपली आणि नवी काढली. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर 286 आली. एरवी 130-140 असायची. मला वाटलं प्रवासाचा शीण. पाचव्या दिवशी 340.

आणि घरात आंबे होते. पलंगाखाली पेंढ्यात हापूस पिकत घातला होता, एका पालकांनी दोन पेट्या दिल्या होत्या. सगळं घर त्या वासाने भरून गेलं होतं. कोकणात मे महिन्यात पलंगाखाली आंबा नाही असं घर नसतं. अम्मीला आंबा किती आवडतो हे आम्हा दोघा भावांना लहानपणापासून माहीत. अब्बा टोपली आणायचे आणि ती आमच्यासाठी फोडी करता करता कोयी स्वतः चोखायची.

मी तिला विचारलं. विचारलं म्हणजे काय, शाळेत कॉपी पकडल्यावर पोराला विचारतो त्या आवाजात विचारलं. "अम्मी, सच बोलो. कितने आम खाए?"

"एक फाँक भी नै खाई बेटा."

"मशीन झूठ बोलती क्या?"

ती गप्प बसली. सातव्या दिवशी 412. त्या दिवशी मी पलंगाखालचे आंबे बाहेर काढले आणि माझ्या धाकट्या मुलीला मोजायला सांगितले. ती सात वर्षांची. तिने एकेक करून मोजले, एकेचाळीस भरले. मला आधीचा आकडा माहीत नव्हता, त्यामुळे एकेचाळीसवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. तरी मी मोजून घेतले, अम्मीच्या समोर. मग दोन्ही पेट्या शेजारी देऊन टाकल्या. त्या रात्री अम्मीने भाकरीही अर्धीच खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती पाणी पिऊन पिऊन थकली, रात्रीत सहा वेळा उठली. पायात गोळे आले. बायको मला म्हणाली, "ती म्हणते नाही खाल्ले, तर नाही खाल्ले. तुम्ही डॉक्टरला का विचारत नाही?" डॉक्टरना फोनवर विचारलं होतं. त्यांनी डोस वाढवायला सांगितला, वाढवला, उपयोग शून्य. आता तिला घेऊन तालुक्याला गेलो.

डॉक्टरनी तिला तपासलं, मग म्हणाले, बाटली दाखवा. सुदैवाने बायकोने ती पिशवीत टाकली होती. त्यांनी बाटली दोन्ही तळव्यांत धरून लाटणं फिरवावं तशी हळूहळू फिरवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. अम्मीचं इन्सुलिन दुधट रंगाचं. फिरवल्यावर ते सगळं एकसारखं व्हायला पाहिजे. इथे पातळ पाण्यात बारीक पांढरे कण तरंगत होते आणि थोडे काचेला चिकटून बसले होते, थंडीत खोबरेल तेल बसतं तसे.

"हे गोठलेलं आहे सर. कसं आणलंत?"

"बर्फात."

"नुसत्या बर्फात?"

मी मिठाचं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही कुल्फी केलीत."

गरमीने इन्सुलिन हळूहळू खराब होतं, दिवसागणिक थोडं थोडं. गोठलं तर एका झटक्यात जातं आणि पुन्हा वितळलं तरी परत येत नाही. दवाखान्याखालच्या मेडिकलमधून नवी बाटली घेतली. दोन दिवसांत साखर 200 च्या खाली, आठवड्यात पुन्हा 150. पाच बाटल्या फेकल्या. डॉक्टरनी जाताना अम्मीला हसून सांगितलं, "अम्मी, जेवणाबरोबर आंब्याची एखादी फोड खाल्लीत तरी काही होत नाही हं." अम्मी मान हलवून बरं म्हणाली. तेव्हापासून तिने आंब्याला हात लावलेला नाही.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाने दे रे." पण जूनमध्ये जालन्याला परत गेली ती 2024 च्या मेमध्ये आलीच नाही. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे तिचे आधीही दुखत होते.

या मधल्या काळात मी फ्रीज शोधायला लागलो. खरं सांगायचं तर तो शोध म्हणजे दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून केलेलं काम होतं. पण केलं मन लावून.

पहिली भेटली ती आमच्या उपकेंद्रातली सिस्टर. पोलिओच्या रविवारी आमच्या शाळेत बूथ असतो, त्या दिवशी तिचा निळा डबा माझ्या टेबलावर असतो. इतकी वर्षं मी तो डबा बघत होतो, कधी विचारलं नाही. त्या दिवशी विचारलं. तिने झाकण उघडून दाखवलं. चार बाजूंना पाण्याच्या चपट्या बाटल्या गोठवून ठेवलेल्या, मधे लस. म्हणाली, "सर, या फ्रीजरमधून काढल्या काढल्या नाही भरायच्या. बाहेर ठेवायच्या, घाम येऊ द्यायचा. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला पाहिजे. मगच डब्यात. नाहीतर काही लशी गोठून मरतात." आवाज आला म्हणजे बर्फ शून्य अंशाला आलेला असतो, त्याच्या खाली नाही. केवढं शास्त्र, आणि किती सोपं! तिने पोलिओच्या बाटलीवरचा छोटा शिक्काही दाखवला. गोलात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की टाकून द्यायची. अम्मीच्या बाटलीवर असं काही नव्हतं. तसा हा शिक्काही गरमीचाच साक्षीदार, गोठल्याची खबर तो देत नाही.

सिस्टरच्या पद्धतीने एक साधा जाड थर्माकोलचा डबा तेरा तासांचं काम बिनखर्चात करू शकतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी इन्सुलिन असेल आणि सगळ्यांनी फ्रीज घ्यायची गरज नाही. फक्त बाटली बर्फाला टेकू द्यायची नाही, मधे टॉवेलची घडी घालायची आणि मीठ स्वयंपाकघरातच राहू द्यायचं. ओल्या कापडाच्या थैल्याही मिळतात, पाण्यात भिजवल्या की फुगतात आणि तबखीरवर चालतात. जालन्याला त्या चांगल्या. कोकणात मेमध्ये हवेतच इतकं पाणी असतं की थैलीतलं पाणी उडायला तयार नसतं. अम्मीची मटकीही आमच्या गावात आळशी झाली असती.

मग फ्रीज कशाला? त्याचं एक कारण 2020 चं आहे. त्या वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडमध्ये विजेचे खांब काडेपेटीच्या काड्यांसारखे आडवे झाले. आमच्या गावात कित्येक दिवस वीज नव्हती. त्या वर्षी लॉकडाऊनमुळे अम्मी आलेलीच नव्हती, पण ती असती तर, हा विचार मला तेव्हाही शिवला होता. घरचा मोठा फ्रीज वीज गेली की कपाट होतो. गाडीच्या बॅटरीवर चालणारा असेल तर पेट्रोल आहे तोवर चालेल.

पहिला घेतला तो चुकीचा घेतला. स्वस्त, हलका, दिसायला गोड. एका बटणावर थंड, दुसऱ्यावर गरम. दुकानदार म्हणाला, "पाच डिग्री करतो सर." कसं करतो ते मी घरी येऊन वाचलं. 1834 मध्ये पेल्तिए नावाच्या फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं की दोन वेगवेगळ्या धातूंच्या जोडांतून वीज वाहिली की एक जोड तापतो आणि दुसरा गार होतो. हे स्वस्त डबे त्याच तत्त्वावर चालतात. आत कॉम्प्रेसर नाही, फक्त एक चकती आणि पंखा. त्यामुळे तो बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा ते वीस अंश खाली नेतो, बस. ही त्याची मर्यादा खोक्यावर लिहिलेलीही होती, मुंगीएवढ्या अक्षरांत. एप्रिलमध्ये मी त्यात थर्मामीटर ठेवून पाहिलं. घरात 34, डब्यात तीन तासांनी 17. मग गाडी उन्हात उभी केली, काचा बंद. गाडीत 51, डब्यात 33. वजाबाकी सगळीकडे तीच. जालन्यातल्या बेचाळीस अंशांत त्याने काय केलं असतं ते सांगायला फळ्याची गरज नाही. तो डबा आता मुलं पाण्याच्या बाटल्यांसाठी वापरतात.

दुसरा प्रकार गॅसवर चालणारा. आच देऊन थंडी तयार करायची, हे ऐकायलाच अजब. 1922 मध्ये स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधला, फॉन प्लाटेन आणि मुंटेर्स. मला गंमत वाटली ती सालाची. त्याच 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिनची सुई टोचली गेली. पण हा फ्रीज सपाट जागेवर ठेवावा लागतो, वाकडा झाला की नीट चालत नाही. आमच्या वाटेत ताम्हिणी घाट. शिवाय गाडीत गॅस पेटवून पोरांना मागे बसवायचं माझ्या छातीत बळ नाही.

शेवटी रस्ता दाखवला तो शेजारच्या चाचांनी, ज्यांच्याकडे मी त्या वर्षी आंब्याच्या पेट्या दिल्या होत्या. चाचा कुवेतला चोवीस वर्षं एका घरी ड्रायव्हर होते. तिथे हिवाळ्यात शहरातले लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात, बायकापोरांसकट. चाचांच्या गाडीत मागे फ्रीज असायचा, मटण, दूध, पेप्सी सगळं त्यात. परत येताना मालकाने तोच त्यांना देऊन टाकला. चाळीस लिटरचा. चाचा त्यात आता सुरमई ठेवतात. मी डब्याची हकीकत सांगितल्यावर चाचा हसले. "सर, ज्याच्यात मशीन नाही तो फ्रीज नव्हे, पंखा आहे. कान लावून बघायचा. घरघर ऐकू आली तर घ्यायचा."

मग एकेक गोष्ट त्यांनी सांगितली, आणि ती कुठल्याही माहितीपुस्तकापेक्षा सरस होती. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर लावून आधीच गार करून ठेवायचा. आत ठेवायची वस्तूही गारच पाहिजे, गरम वस्तू गार करायचं काम त्याला प्रवासात सांगायचं नाही. ज्या बाजूने तो गरम हवा सोडतो त्या बाजूला बॅग टेकवायची नाही. पट्ट्याने बांधायचा, नाहीतर पहिल्याच वळणाला डिक्कीत नाचतो. आणि इंजिन बंद केलं की तो गाडीची बॅटरी पितो, सकाळी गाडी चालू होत नाही. "वाळवंटात आम्ही एकदा पूर्ण रात्र तसेच अडकलो. मटण गार, आम्हीपण गार."

हे बॅटरीचं मात्र मी घरी बसून तपासलं. कॉम्प्रेसर 45 वॅटचा, बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे पावणेचार अँपिअर. पण तो सतत चालत नाही, हवं तेवढं गार झालं की थांबतो. निम्मा वेळ चालला असं धरलं तर ताशी दोनच्या आत. माझ्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची, तिच्यातली निम्मीच वापरायची म्हटलं तर नऊ तास. स्वस्त डबा चार अँपिअर घेतो आणि थांबतच नाही, कारण त्याला थांबण्याइतकं गार कधी होताच येत नाही. त्याला चार-सव्वाचार तास. कॉम्प्रेसरवाल्यात आणखी एक सोय असते, बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली गेली की तो आपणहून बंद होतो. ही पातळी कमी-मध्यम-जास्त अशी लावता येते. मी जास्तवर लावली आहे. गाडी चालू होणंही औषधाइतकंच महत्त्वाचं. एका गोष्टीची भीती मला या फ्रीजचीही वाटते. तो शून्याच्या खाली वीसपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे पोराने बटण दाबलं की पुन्हा कुल्फी. म्हणून बटणं कुलूपबंद करता येतात का, ते मी आधी पाहिलं, किंमत नंतर.

किंमत पंचवीस हजारांच्या थोडी आत. बायकोला त्या पैशात वॉशिंग मशीन हवं होतं आणि तिचं म्हणणं चूक नव्हतं. भाईजान फोनवर चिडला. "मेडिकल काय फक्त जालन्यात आहे? तिथे गेल्यावर घ्यायचं. एका बाटलीला कितीसे पैसे पडतात? पंचवीस हजारांत किती बाटल्या येतील, मास्तर आहेस ना, काढ." मी काढल्या. शंभरहून जास्त येत होत्या. त्याचं गणित बरोबर होतं. मी वादळाचं सांगितलं, पावसात आमच्या गावचा रस्ता बंद होतो ते सांगितलं. दोन्ही खरंच आहे. पण फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "भाईजानला ते आंब्यांचं सांगितलंत का कधी?" नव्हतं सांगितलं. अम्मीनेही नव्हतं सांगितलं.

2025 च्या मेमध्ये मी फ्रीज घेऊनच जालन्याला गेलो. अम्मीने तो बघितला, झाकण उघडलं, आत हात घालून पाहिला. "कायको इत्ता पैसा डाला रे?" एवढंच म्हणाली. रात्री तो भाईजानच्या बैठकीत घरघरत होता आणि घरातली सगळी पोरं त्याच्याभोवती बसली होती. 5 अंश, हिरवा आकडा. सहा बाटल्या टॉवेलात गुंडाळून, भिंतीला न टेकतील अशा, एका डब्यात मधोमध ठेवल्या. पहाटे फजरची नमाज झाल्यावर निघालो. वाळूज मागे पडेपर्यंत ऊन लागायला सुरुवात झाली होती. अम्मी मागच्या सीटवर, फ्रीजही तिच्या शेजारीच ठेवला. डिक्कीत ठेव म्हणाली नाही. एक हात त्याच्यावर ठेवून ती झोपली.

शिरूरच्या पुढे चहाला थांबलो. वापरातली बाटली ठीक आहे का बघावं म्हणून मी फ्रीज उघडला. इन्सुलिनच्या डब्याशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. रात्री मी ठेवलेलं नव्हतं. काढून बघितलं तर केशर आंबे, जालन्याच्या बाजारातले, पिवळे धमक.

अम्मी जागी झाली होती. म्हणाली, "बच्ची के लिए है. दो है. गिन ले."

मी काही बोललो नाही. आंबे होते तसे कागदात गुंडाळून ठेवले. तेवढ्यात आकडा पाचावरून नऊवर गेला होता. झाकण लावलं आणि तो खाली येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.